पिवळ्या तलवारी

सीमेवरची छावणी, नवव्या महिन्याची तिसरी

ती. त्वानदादास,
शि. सा. न.

मी धडधाकट आहे, हे वहिनीला आधी सांग. तिने पाठवलेलं राळ्याचं पीठ सोबत्यांनी दोन दिवसांत फस्त केलं.

काल शत्रू नदी ओलांडून आला. आपल्या गल्लीतला पान माझ्या शेजारी लढत होता. पहिल्याच वाराला त्याची तलवार मोडली, मुठीत वीतभर तुकडा राहिला. समोरच्याने त्याला कुऱ्हाडीने खांद्यापासून छातीपर्यंत फाडला. तो तुकडा मी उचलला, तर मुठीजवळ तुझं नाव कोरलेलं. आमच्या तुकडीत अशा अकरा मोडल्या, सगळ्या पांढऱ्याशुभ्र. सोबती म्हणतात, हा त्वान भेटला तर त्यालाच भट्टीत घालू. तू माझा भाऊ आहेस हे मी सांगितलं नाही. लाज वाटली. कथील किती घालतोस रे?

तुझाच, काळजीत असलेला,
शिऊ


भट्टी, नवव्या महिन्याची विसावी

चि. शिऊस,
अ. उ. आ.

पानच्या आईला मीच सांगून आलो. तिने थोबाडीत मारली, बरं केलं.

तीन भाग तांब्याला एक भाग कथील, हे प्रमाण आरशाचं; पातं पांढरं लखलखतं, पण ठिसूळ होतं. ते मला कळत नाही, असं का वाटलं तुला? पण नवे अधिकारी म्हणाले, राजासमोर शस्त्रं लखलखली पाहिजेत. पिवळं पातं दिसलं तर त्यावर ज्याचं नाव, त्याचं पाऊल तोडू. मी भ्यालो आणि पान मेला.

पुढच्या गाडीतल्या तलवारींत आठ भाग तांब्याला एकच भाग कथील आहे. पिवळ्याधमक आहेत, हसू नकोस. वाकतील, पण मोडायच्या नाहीत. नाव माझंच कोरलंय.

जपून राहा, असा आशीर्वाद.
त्वान


घर, दहाव्या महिन्याची पाचवी

चि. शिऊभावजींस,
आशीर्वाद.

गाडी निघाली त्याच दिवशी ह्यांचा उजवा पाय घोट्यापासून तोडला, भट्टीच्या दारात, सगळ्या कारागिरांसमोर. ओरडले नाहीत असं लिहायला सांगत होते. गल्लीपर्यंत ऐकू आलं, भावजी.

आता बसून मातीचे साचे करतात आणि मला चिडवतात, की गवताचे जोडे विणायचं तुझं काम निम्मं झालं. तलवारी कशा निघाल्या, एवढंच विचारत असतात.

लवकर लिहा.
वहिनी


छावणी, दहाव्या महिन्याची अठरावी

ती. दादास,
शि. सा. न.

परवा दिवसभर कापाकापी चालली. चिखलात आतडी तुडवत लढलो. तुझी एकही मोडली नाही. माझी विळ्यासारखी वाकली. दगडावर ठेवली, पायाने दाबून सरळ केली आणि पुन्हा धावलो. सगळे तेच करत होते. संध्याकाळी मी ओरडून सांगितलं, त्वान माझा भाऊ आहे.

वहिनीचं पत्र त्यानंतर मिळालं.

मीही उजव्याच पायाने दाबतो, दादा. आता दर वेळी रडू येतं. सोबत्यांना वाटतं, कुठे लागलं असेल.

माया आहे तशीच ठेव.
तुझा भाऊ,
शिऊ