खाडीतले पांढरे खांब

५ नोव्हेंबर १९८६, बुधवार

ओव्हरसियर साहेब पुन्हा आले. ओटीवर नकाशा पसरला, चारी कोपऱ्यांना आमचेच नारळ ठेवले. बंदरापासून बाजारापर्यंत खाडीत पांढरे खांब पुरायचे, मधे चार ठिकाणी उतरायला पायऱ्या. मग कुणीही यावं, होडी घ्यावी, खांब बघत वल्हवत जावं — हौसेखातर! आप्पा, म्हणजे सासरे, म्हणाले, हौसेनं कोण वल्हवतो? मी आत चहा गाळत होते. मी वल्हवते, असं ओरडून सांगावंसं वाटलं.

दर पंधरवड्याला होडीतून फिरून खांब तपासायला, वहीत लिहायला माणूस हवंय. चहा ठेवताना साहेबांनी मलाच विचारलं, तुम्ही दहावी झालात ना, कराल का? मी तोंड उघडायच्या आत आप्पा बोलले, "आमच्या घरातली बायमाणसं होडीत बसत नायत."

संपलं.

६ नोव्हेंबर

चिपळूणला असताना बाबांची होडी मी एकटी वाशिष्ठीपार न्यायचे. इथे आप्पांची होडी दारात बांधलेली. माणसं पलीकडे पोचवण्यात त्यांचा जन्म गेला. आणि मी दोन वर्षांत तिला हात लावलेला नाही! चूल, विहीर, चूल. ओहोटीला शेजारच्या सगुणावहिनींबरोबर मुळे, म्हणजे शिंपल्या, काढायला चिखलात जाते, तेवढंच बाहेरचं वारं.

यांना मुंबईला पत्र टाकलं. उत्तर आत्ताच ठाऊक आहे — आप्पा म्हणतील तसं.

१६ नोव्हेंबर, पौर्णिमा

खांब पुरले. दुपारी भर उधाणाची भरती, खाडी काठोकाठ. आप्पा हात करतील तिथे गडी खांब ठोकत होते. मी आणि सगुणावहिनी मागीलदारातून बघत होतो. तिसरा खांब बघून वहिनी माझ्याकडे वळल्या.

"तिकडं तर आपन मुळे काडतो गो. गुडग्याएवडा पन पानी नसता."

१७ नोव्हेंबर

झोप नाही. आप्पांनी मुद्दाम केलं. दुसरं काय असणार? चाळीस वर्षं वल्हं मारणाऱ्याला खाडीचा तळ ठाऊक नाही होय! वाट फसली की आपल्या होडीचा धंदा शाबूत, आणि सून घरात.

साहेबांना सांगितलं तर या घरात माझं काही खरं नाही. नाही सांगितलं तर ते काम गेलंच. गिळून बसलेय. राग येतो, जास्त स्वतःचाच.

२० नोव्हेंबर

साहेब सांगायला आले — सोमवारी, चोवीसला, सकाळी अकराला उद्घाटन. दाराआडून बोललेच मी, "त्या दिवशी अष्टमी आहे."

साहेब हसले. "वहिनी, सरकारी काम आहे. आम्ही मुहूर्त बघत नाही."

मुहूर्त! अष्टमीला भांग असतो, भरतीच कमी, आणि अकराला उतरतं पाणी असतं, हे इथल्या शेंबड्या पोरालाही कळतं. पण साहेब घाटावरचे. पुढचं सांगणार, तेवढ्यात आप्पा खाकरले. मी आत गेले.

२४ नोव्हेंबर

रुतली! तिसऱ्या खांबापाशीच. आप्पांची होडी, आत पाहुणे, हारतुरे, साहेब. दीड तास उन्हात. काठावर सारा गाव हसत होता.

शेवटी सगुणावहिनींनी आणि मी कासोटे मारले, चिखलात उतरलो आणि दोर धरून होडी डावीकडे चाळीस पावलं ओढली. तिथे खोल पाणी आहे. ते नेहमीच होतं. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं नाही. आप्पा वल्हं मांडीवर घेऊन खाली मान घालून बसले होते.

मला बरं वाटलं. इथे खोटं कशाला लिहू — बरं वाटलं.

२५ नोव्हेंबर

साहेबांचा निरोप आला. शनिवारपर्यंत खांब योग्य जागी बसवून दाखवा, नाहीतर योजना दुसऱ्या खाडीवर नेतील. आप्पा जेवले नाहीत. मी विचारलंही नाही.

२७ नोव्हेंबर

पहाटे आप्पांनी हाक मारली. होडीचा दोर सोडलेला. म्हणाले, "पुढं बस. खोल पानी कुठं हाय, ता तू सांग. मला गेलं वरीसभर लांबचं काय दिसत नाय. मुंबैला काशीरामाला लिवू नको."

मी पुढे बसले.