यागोदाच्या गळ्यातली किल्ली

वूच, १८ नोव्हेंबर २००४

प्रिय आई,

तुझे गुडघे कसे आहेत? मावशीने कोबी खारवला का? इकडे आम्ही बऱ्या आहोत. यागोदाला सोमवारी सात वर्षं पूर्ण झाली. मला बेकरीत पहाटे सहाची पाळी मिळाली. मंगळवारपासून ती एकटीच आवरते, दाराला कुलूप लावते आणि शाळेत जाते.

मंगळवारीच पोलीस आला.

घाबरू नकोस, सगळं सांगते. सात वाजता शेजारच्या कुब्याकबाई बेकरीत येऊन सगळ्या गिऱ्हाइकांसमोर म्हणाल्या, "पोरगी पहाटेपासून किंचाळतेय. मी पोलिसांना फोन केलाय!" मी पिठाच्या हातांनीच धावले. प्रकरण कोर्टात गेलं तर यागोदाला माझ्यापासून नेतील, एवढंच डोक्यात.

जिन्यात एक तरुण पोलीस पायरीवर बसला होता. आतून गाणं ऐकू येत होतं, तारस्वरात.

"दार उघडत नाही," तो म्हणाला. "मी पोलीस आहे म्हटलं, तर म्हणते, 'मग थांबा, आई येईल.' वय विचारलं, तर म्हणते, 'सात. कालपासून.'"

"अन् किंचाळणं?" माझ्यामागून आलेल्या कुब्याकबाईंनी विचारलं.

"गाणं आहे ते, बाई. सूर कच्चा आहे, पण त्याला कलम नाही."

आई, तुझेच तीन नियम शिकवलेत तिला: दार उघडायचं नाही, गॅसला हात लावायचा नाही, भीती वाटली तर मोठ्याने गायचं.

त्याने वही काढली. सात वर्षांच्या आतलं मूल धोक्यात एकटं सोडलं तर गुन्हा. इथे तसं काही नाही, म्हणाला. मी गप्प बसायला हवं होतं. पण मी म्हणाले, "फेब्रुवारीत सोडलं होतं. सहाची होती, तापाने फणफणलेली. औषधाच्या दुकानात गेले. वीस मिनिटं."

त्याने वही मिटली. "बाई, मी आजचं विचारायला आलोय." आणि कुब्याकबाईंकडे वळून, "पोरीला कौतुकाचं पत्र द्यायला हवं."

फेब्रुवारीचं मी कुणालाच सांगितलं नव्हतं. ईस्टरला सगळ्यांसमोर तुला म्हणाले होते, "पाच वर्षांच्या पोरीच्या गळ्यात किल्ली बांधून सूतगिरणीत जायचीस, आज तुझ्यावर खटला झाला असता." तू सूप अर्धं ठेवून उठलीस. तेव्हा माझी वीस मिनिटं जेमतेम दोन महिन्यांपूर्वीची होती. घरात पैसे आणायचे तर तुला गिरणीत जावंच लागायचं, आणि मला सांभाळायला कुणी नव्हतं. हे मला तेव्हाही माहीत होतं.

यागोदाची किल्ली तुझ्याच गोफात आहे, गिरणीच्या करड्या सुताच्या. मी तो कधी टाकलाच नव्हता.

नाताळच्या आदल्या संध्याकाळी ये. दरवर्षी अनोळखी वाटसरूसाठी मांडतो ती जास्तीची ताटली यंदा त्याच्यासाठी नाही, तुझ्यासाठी. आणि दार वाजवल्यावर थांब, नाव सांग. तू असलीस तरी माझी लेक विचारल्याशिवाय उघडत नाही.

तुझ्याकडूनच शिकलेली,
बोझेना