छकुलीच्या जिभेची मास्तरीण

४ तारीख, सोमवार

आज नातीला, छकुलीला, जिभेच्या बाईंकडे नेलं, जिभेची थेरपी करतात त्या. दातांचे डॉक्टर म्हणाले, तार नंतर, आधी जीभ सुधारा. पोर गिळताना जीभ पुढच्या दातांवर ढकलते, म्हणून फट पडलीय. तोंडही सदा उघडं. मला ती तशीच गोड दिसते, पण डॉक्टरांना कौतुक कुठलं. बाईंनी दाखवलं, जिभेचं टोक वरच्या दातांमागं टाळूला टेकवायचं. ती तिची जागा. रोज घरी प्रॅक्टिस. सून म्हणाली, आम्ही दोघं ऑफिसात, आई बघतील. आई म्हणजे मी. अंगावर मूठभर मांस चढलं.

५ तारीख, मंगळवार

प्रॅक्टिस झकास. म्हणजे झाली नाही, पण झाली असती तर झकासच. छकुली शाळेतून दमून आली होती. मग मांडीवर घेऊन गोष्ट सांगितली. सफरचंद किसून भरवलं. बाई म्हणतात चावायला द्या. त्यांना काय, त्यांची नात थोडीच आहे.

७ तारीख, गुरुवार

विहीणबाई आल्या. सुनेच्या आई. चार दिवसांसाठी म्हणे, बॅग मात्र वर्षाची. छकुली त्यांना मोठी आजी म्हणते. उंचीवरून, बाकी काही नाही. आल्या आल्या पोरीपुढं आरसा धरला आणि जीभ टाळूवर टक टक वाजवायला लावली, घोड्याच्या टापांसारखी. पोर खिदळत होती. मला ऐकायचं नव्हतं, म्हणून भांडी हळू घासली.

मी जळत नाही. नुसतं लिहून ठेवते.

८ तारीख, शुक्रवार

विहीणबाईंनी सफरचंद अख्खं दिलं. छकुलीनं कराकरा खाल्लं. मला म्हणाल्या, ताई, तुम्ही फार लाड करता हो. हसून म्हणाल्या. हसून म्हटलेलं जास्त लागतं. ठरलं, उद्या सकाळी सगळ्यांच्या आधी उठून मीच प्रॅक्टिस घेणार.

९ तारीख, शनिवार

सकाळ. उठले. दोघींची टक टक झालीसुद्धा होती.

संध्याकाळ. छकुलीला हळूच विचारलं, प्रॅक्टिस कुणाबरोबर आवडते गं? म्हणाली, तुझ्याबरोबर, कारण आपण करतच नाही. माझ्याबरोबर आवडते. एवढंच लक्षात ठेवायचं.

११ तारीख, सोमवार

सगळे बाईंकडे. बाई म्हणाल्या, दोघी दोन तऱ्हांनी वागता, पोर गोंधळते. घरात शिकवणारं माणूस एकच हवं. पुढच्या वेळी दोघी पाणी गिळून दाखवा, जिची जीभ जागेवर राहील ती शिकवेल. विहीणबाई लगेच म्हणाल्या, मी हवं तर मुक्काम वाढवते. कोणी हवं म्हटलं होतं?

छकुलीला सकाळी शाळा, दुपारी शिकवणी. संध्याकाळचा तेवढा वेळ ती माझ्याजवळ असते. तोच गेला तर मी या घरात भिंतीकडं बघत बसायचं काय.

पण जाणार नाही. पाणी काय, जन्मभर पितेय.

१५ तारीख, शुक्रवार

दार लावून आरशापुढं गिळायचा सराव केला. गळ्यापासून खाली सगळी भिजले. सुनेनं विचारलं, तर म्हटलं नळ उडाला. आता चांगलं जमतं.

१८ तारीख, सोमवार

विहीणबाईंनी घोट घेतला. चेहऱ्यावरची रेघही हलली नाही. विहीण पुतळ्यासारखी आहे, हे मी पहिल्यापासून म्हणते. मग मी. थेरपीच्या बाईंनी माझे ओठ बोटांनी अलगद उघडून पाहिले. म्हणाल्या, आजी, तुमचीही जीभ दातांतून बाहेर येते. म्हटलं, येऊ दे, माझं काही अडलं नाही. बाई हसल्या, छकुलीकडं बघून म्हणाल्या, ही अगदी तुमच्यावर गेलीय.

इतका आनंद झाला, की पुढचं नीट ऐकलंच नाही. घरी आल्यावर सुनेनं सांगितलं. शिकवणार विहीणबाई. दोघींना.

१९ तारीख, मंगळवार

संध्याकाळी पहिला वर्ग. मी आणि छकुली शेजारी शेजारी. ओठांत एकेक चपटी लाकडी काडी, आईस्क्रीमची असते तशी. ओठ मिटून धरायची, दातांनी नाही. पडली की पहिल्यापासून. समोर विहीणबाई खुर्चीवर, हातात घड्याळ.

आम्ही गप्प, आणि त्या बोलत सुटल्या. पोरीला वळण कसं त्यांनी लावलं. चिकाटी कशी त्यांच्याकडच्या माणसांत असते. तरी मी ओठ घट्ट धरले. छकुली डोळ्यांच्या कोपऱ्यातून माझी काडी बघत होती, मी तिची. पोरीचं नाक हसण्यानं फुरफुरत होतं, पण काडी हलेना. तिचं तोंड इतका वेळ मिटलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. काय रुबाबदार दिसत होती.

ही जिद्द कुणाची, ते सांगायला मी तोंड उघडलं. काडी मांडीवर पडली.

विहीणबाईंनी घड्याळ शून्यावर आणलं. म्हणाल्या, ताई, तुम्ही पुन्हा पहिल्यापासून. छकुली, तुझं झालं, जा खेळायला.