सात दिवसांत हरकत न आल्यास

तीर्थस्वरूप ताई,

तुझ्या पायांवर डोकं ठेवून नमस्कार. (प्रत्यक्षात गुडघे तेवढे वाकत नाहीत, म्हणून कागदावरच वाकून घेतो.) आम्ही दोघं ठणठणीत आहोत. म्हणजे हिची कंबर आणि माझे गुडघे वगळता उरलेले आम्ही ठणठणीत आहोत. तुझी झोप, तुझी भूक, तुझे पाय, सगळं सविस्तर कळव. डोळ्याचं मात्र कळवू नकोस. उजव्या डोळ्याचं आणि त्याच्या ऑपरेशनचं नाव जो काढील त्याच्याशी बोलणार नाही, असं तू मागच्या फोनवर बजावलंस. मी आज्ञाधारक धाकटा भाऊ आहे. या पत्रात डोळ्याबद्दल एक अक्षरही असणार नाही.

पत्र सूनबाई वाचून दाखवणार हे मला ठाऊक आहे, कारण माझं अक्षर हल्ली फार पुसट झालंय असं तुझं म्हणणं आहे. ताई, हे अक्षर पाणीपुरवठा खात्याच्या आवक-जावक टेबलावर छत्तीस वर्षं घोटलेलं आहे. वर्तमानपत्रवाले शाईत पाणी घालतात, बल्ब पूर्वीसारखे निघत नाहीत, आणि डॉक्टर वयानं फारच पोरगेला दिसतो म्हणून तू तिसऱ्यांदा तारीख पुढे ढकललीस, हेही समजलं. तो पोरगेला आहे हे तुला दिसलं कसं, असं मी विचारणार होतो. विचारत नाही. (सूनबाई, वरची तीन वाक्यं गाळून वाच. वाचून झाली असतील तर पाणी आणायच्या निमित्तानं जरा आत जाऊन ये.)

आता मुद्द्याचं. माझ्या आत दोन भाडेकरू राहतात, एक खलाशी आणि एक कारकून, हे तुला माहीत आहे. खलाशी राहायला आला तो पाचवीत. दुपारच्या तासाला गुरुजी ती नावाड्याची कविता चालीवर म्हणायचे आणि आम्ही चाळीस जण त्यांच्यामागून. उन्हाची तिरीप बाकावरून सरकत सरकत दौतीवर यायची, आणि मला खरोखर वाटायचं की वर्गाच्या भिंती सुटल्या, आता आपण निघालो. ‘उचला नांगर, उभवा शीड, घालितो सागर साद’ इथपर्यंत अंगावर काटा यायचा. तिसऱ्या कडव्याला मी अडखळायचो, हातावर पट्टी बसायची, आणि गलबत पुन्हा धक्क्याला लागायचं. तेव्हाची पट्टी बघ कशी लाकडाची असायची, कडेला पितळेची बारीक तार. असो. भरकटलो.

कारकून आला तो तुझ्यामुळे. तळ्याकाठचा तो उंच दगड तुला आठवत असेलच. तू तेरा वर्षांची, मी नऊ. तू वरून खाली एकदा पाहिलंस, माझ्या हातात चपला, दप्तर आणि वरचा सदरा कोंबलास आणि म्हणालीस, “तू इथंच थांब, कपडे सांभाळ.” आणि गेलीस. बाकीची मुलंही एकेक करून गेली आणि प्रत्येकानं जाताना आपापलं सामान माझ्याकडे दिलं. मी सगळं नीट रचलं, कुणाचं काय ते पाठ केलं, आणि परत देताना एकाही चपलेची चूक केली नाही. त्या दिवशी माझी जी नेमणूक झाली ती बासष्ट वर्षं चालू आहे. नोकरीत सगळे सहलीला गेले की ऑफिसात कोण थांबणार, तर मी. लग्नात फोटोच्या वेळी पिशव्या कोणाजवळ, तर माझ्याजवळ. आपल्या घराण्यातल्या एकाही फोटोत मी नाही आणि आपल्या घराण्याची एकही पिशवी हरवलेली नाही.

दोन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी गुडघ्यांसाठी पाण्यात चालायला सांगितलं. पोहण्याच्या तलावावर सकाळी दहाला आम्हा म्हाताऱ्यांची तुकडी असते. आम्ही उथळ पाण्यात रांगेनं चालतो, गुरं नदी ओलांडतात तसे. तिथल्या शिकवणाऱ्या बाईंच्या गळ्यात कायम शिट्टी असते, म्हणून त्यांना सगळे शिट्टीबाईच म्हणतात. वय जेमतेम तीस, आवाज पन्नाशीचा. त्यांनी मला चालता चालता पोहायलाही शिकवून टाकलं. आणि पोहायला आल्याबरोबर खलाशी, जो साठ वर्षं कवितेच्या वहीत झोपला होता, तो उठून बसला आणि फळीकडे पाहायला लागला. पाण्यावर झुकलेली ती उड्या मारायची फळी. ती किती उंच असते हे तुला सांगायला नको.

त्यानंतर तीन महिने घरात शांतता नव्हती. खलाशी आंघोळ करताना गाणी म्हणायचा आणि कारकून टॉवेल देता देता अपघातांच्या बातम्या सांगायचा. एकाच तोंडानं दोन्ही चालायचं, त्यामुळे हिला वाटलं की बाथरूममध्ये कुणी पाहुणा आलाय. मी हिला सगळं समजावून सांगितलं, तेव्हा ती म्हणाली, “दोघांपैकी जो रिकामा असेल त्यानं बाल्कनीतले कपडे काढून आणावेत.” (कारकूनच गेला. खलाशी कधीच रिकामा नसतो, तो स्वप्नं पाहत असतो.)

शेवटी मी माझ्या अनुभवाला जागलो आणि रीतसर फाईल उघडली. भांडणं तोंडानं केली की वाढतात, कागदावर केली की झोपतात, हे छत्तीस वर्षांत शिकलो आहे. विषय: फळीवरून उडी मारण्यास मंजुरी मिळणेबाबत. खलाशानं हिरव्या शाईत प्रस्ताव लिहायचा (हिरवी शाई आमच्याकडे फक्त मोठ्या साहेबांना असायची, नोकरीभर मी तिचा नुसता वास घेतला) आणि तो टेबलाच्या उजव्या खणात ठेवायचा. कारकुनानं तो उघडून निळ्या शाईत शेरा मारायचा आणि डाव्या खणात टाकायचा. पहिल्याच फेरीला कारकुनानं चौदा हरकती काढल्या. वय एकाहत्तर. गुडघे. रक्तदाब. पोटावर पडल्यास काय, पाठीवर पडल्यास काय, आणि कोणावर पडल्यास काय. सहाव्या क्रमांकावर कवळी: ती पाण्यात पडल्यास गाळणयंत्रात जाऊन सार्वजनिक मालमत्तेचं नुकसान. खलाशानं उत्तरादाखल नावाड्याच्या कवितेची दोन कडवी जोडली. शेरा आला, ‘तिसरे कडवे जोडलेले नाही. त्रुटींची पूर्तता करून फेरसादर करावे.’ अशा पाच फेऱ्या झाल्या. फाईल जाडजूड झाली आणि मी बारीक.

सहाव्या फेरीला प्रस्ताव उजव्या खणात गेला आणि मला सर्दी-खोकल्यानं गाठलं. आठ दिवस अंथरुणात. ताप उतरल्यावर नवव्या दिवशी टेबलाशी बसलो, तर खलाशानं हिरव्या शाईत लिहूनसुद्धा टाकलं: ‘सात दिवसांत हरकत न आल्यानं मंजुरी गृहीत धरण्यात येत आहे.’

ताई, हा नियम आमच्या ऑफिसात कुणी आणला ठाऊक आहे? मी. म्हणजे कारकुनानं. नळजोडणीचे अर्ज लोक वर्षानुवर्षं दाबून ठेवतात म्हणून त्यानंच साहेबांच्या मागे लागून तो चालू केला होता. आयुष्यात त्यानं केलेलं ते एकमेव धाडस. आता ते त्याच्याच मुळावर आलं. त्यानं फाईल दोनदा चाळली, तारखा बोटांवर मोजल्या आणि निमूटपणे चष्मा पुसला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला मी फळीवर होतो. कवळी डबीत घालून शिट्टीबाईंकडे दिली, त्यांनी ती खिशात टाकली आणि हसल्या नाहीत, हे त्यांचं मोठेपण. पायऱ्या किती होत्या ते मोजलं नाही. टोकाशी जाऊन खाली पाहिलं तर खालची माणसं अगदी लहान दिसत होती. मागे रांग लागलेली. मी खलाशाला म्हटलं, चल बाबा, तुझा दिवस. आणि ताई, साठ वर्षं ज्यानं माझं डोकं खाल्लं, तो फळीच्या टोकावर नावाड्याची कविता पुटपुटायला लागला, तिसऱ्या कडव्याला अडकला आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला. त्याला परतायचं होतं. मला स्पष्ट कळत होतं की आता आपण वळणार, सगळ्यांची माफी मागत पायऱ्या उतरणार, आणि कुणाचे तरी कपडे सांभाळायला बाकावर जाऊन बसणार.

तेव्हा मागून कारकून बोलला. आवाज तोच, टेबलावरचा. “मंजूर काम अडवून ठेवता येत नाही. मागे रांग खोळंबली आहे. नाक धरा.”

मी नाक धरलं.

उडी कशी होती ते विचारू नकोस. शिट्टीबाईंच्या मते ती उडी होती, आणि त्या विषयातल्या त्या जाणकार आहेत. पाणी नाकातून शिरून कानातून निघाल्यासारखं वाटलं. आत सगळं हिरवं आणि शांत होतं, दुपारच्या पाचवीच्या वर्गासारखं. वर आलो, आणि जग नाहीसं झालेलं. चौदा हरकतींत चष्मा नव्हता. कारकुनानं यादी चष्मा लावूनच केली, त्यामुळे चष्मा त्याला दिसलाच नाही. तो तळाला गेला आणि मी वर आलो.

पुढची दहा मिनिटं मी तुला मुद्दाम सांगतो. काठ कुठे, शिडी कुठे, काही कळेना. नुसते रंगांचे ढग. मी शिडी समजून दोरीला धरलं, ती मला घेऊन तलावाच्या मधोमध गेली. कसाबसा बाहेर आलो आणि शिट्टीबाईंचे मनापासून आभार मानले, दोन-तीन वाक्यं चांगली जमली होती, मग कळलं की तो खुंटीवरचा टॉवेल आहे. खऱ्या शिट्टीबाई त्या वेळी तळाशी माझा चष्मा शोधत होत्या. आणि गंमत म्हणजे माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं, तर या लोकांनी इथले दिवे बदललेत वाटतं, पूर्वीसारखे राहिले नाहीत. (डोळ्यांबद्दल लिहायचं नाही हे ठरलेलं आहे. हे माझ्या डोळ्यांबद्दल आहे, त्याला तुझी बंदी लागू नाही.) चष्मा मिळाला, लावला, आणि टॉवेलवरचा धागान् धागा दिसला. इतका सुंदर टॉवेल मी जन्मात पाहिला नव्हता.

तर आता दोघं भाडेकरू सुखानं नांदतात. खलाशी म्हणतो, कल्पना माझी. कारकून म्हणतो, अंमलबजावणी माझी. फाईल बंद केली. हिनं विचारलं, आता कपडे कोण काढणार? दोघंही गेले.

सूनबाईला आशीर्वाद, पोरांना गालगुच्चे. तू आहेस तशीच खमकी राहा.

तुझा धाकटा भाऊ
(कारकून व खलाशी, संयुक्त सहीनं)

ता. क. १: कारकुनाला रिकामं बसवत नाही, म्हणून त्यानं नवी फाईल उघडली आहे. विषय: ताईच्या उजव्या डोळ्याच्या ऑपरेशनबाबत. तारीख सूनबाईनं घेऊन ठेवली आहे, हे पत्र मिळाल्यापासून नववा दिवस. तुझी काही हरकत असल्यास सात दिवसांच्या आत लेखी कळवावी. फोनवरच्या हरकती विचारात घेतल्या जात नाहीत. हरकत स्वतःच्या अक्षरात हवी, सरळ ओळीत, आणि वाचता येईल अशी. सूनबाईनं लिहून दिलेली चालणार नाही. हरकत न आल्यास मंजुरी गृहीत धरण्यात येईल.

ता. क. २: (सूनबाई, हे सावकाश वाच.) ताई, रागावली असशील. रागाव. पण मला एक सांगायचंय. तुझ्यात पहिल्यापासून नुसता खलाशी आहे. तेराव्या वर्षी तू उडी मारलीस कारण पाणी किती खोल आहे ते तुला माहीत नव्हतं. आता माहीत आहे, म्हणून तो टोकाला जाऊन थांबलाय. थांबतोच तो, मी माझा पाहिलाय. अशा वेळी कारकून लागतो, आणि तुझ्याकडे तो कधीच नव्हता. माझा घेऊन जा. मी आदल्या दिवशी सकाळच्या गाडीनं येतो. तू आत जाशील तेव्हा तुझ्या चपला, बांगड्या, पिशवी, सगळं माझ्याकडे दे. बाहेर बाकावर बसतो. या कामात माझा बासष्ट वर्षांचा अनुभव आहे, एकाही चपलेची चूक नाही.

ता. क. ३: (सूनबाई, इथं थांब. याच्या पुढचं वाचायचं नाही. अक्षर मुद्दाम बारीक काढलं आहे. घडी घालून ताईच्या उशीखाली ठेव. पट्टी निघाली की तिचं ती वाचील.)

ताई, वाचता येतंय ना? मग ऐक. फळी मोठी नव्हती, लहान होती. पायऱ्या तीन. खालची माणसं लहान दिसत होती कारण ती लहानच होती, सात-आठ वर्षांच्या मुलांचा वर्ग होता, आणि मागची रांगही त्यांचीच. मोठ्या फळीचा प्रस्ताव उजव्या खणात आहे. कारकुनाची एकच हरकत आहे: बघायला, ज्याला नीट दिसतं असं कोणीतरी माणूस पाहिजे. बरी झालीस की ये. या खेपेला कपडे तू सांभाळ.