चिकूच्या जनुकांचा नकाशा

५ जानेवारी
पीएचडी करणार. विषय ठरला: चिकूच्या जनुकांचा नकाशा. जगात कोणी केलेला नसणार. (शोधलं नाही. पण नसणारच.) जागा एकच. तलासरीच्या आमच्या कॉलेजातून मी आणि वसुमती मॅडम. त्यांचा विषय भात. भातात आता काय राहिलंय?

८ जानेवारी, पहाटे ५ (प्रत्यक्षात ७.४०)
रोज पहाटे स्टॅटिस्टिक्स. पहिला व्हिडिओ पाहिला. दोन जनुकं शेजारी असली की पुढच्या पिढीत बहुतेक जोडीनेच जातात. जोडी किती वेळा फुटली ते मोजायचं, त्यावरून अंतर. एवढंच! दुसऱ्या व्हिडिओची गरज वाटली नाही.

१९ जानेवारी
डहाणूला सासऱ्यांच्या, म्हणजे अण्णांच्या, वाडीत. ऐंशी झाडं. पानं कशाला मोजता, म्हणून अण्णांनी विचारलं. जेनेटिक्स, म्हटलं. असेल असेल म्हणाले, पण आलाच आहात तर तो पाण्याचा पाइप सरकवा. सरकवला.
फळ लांबट, पान रुंद. ऐंशीच्या ऐंशी झाडांत! एकही जोडी फुटलेली नाही!

२० जानेवारी
लॉड स्कोअर काढला. जनुकं खरंच शेजारी आहेत की नुसता योगायोग, ते हा आकडा सांगतो. तीन आला की जग मान्य करतं. माझा चोवीस. चोवीस! एसटीत एकटाच हसत होतो, कंडक्टर दोनदा बघून गेला. घरी बायकोला, रुचिताला विचारलं, नोकरी सोडू का? ती म्हणाली, आधी गॅस बुक कर. वसुमती मॅडमचा साडेतीन आलाय. धीर दिला.

१० फेब्रुवारी, मुलाखतीनंतर
चोवीस ऐकून समितीतल्या तिघांनी पेनं खाली ठेवली. मला वाटलं, झालं काम. मग अध्यक्षबाईंनी विचारलं, झाडं बियांपासूनची की कलमं? घरचीच वाडी आहे, विचारतो, म्हटलं. तिथूनच अण्णांना फोन, स्पीकरवर. अण्णा खूश. म्हणाले, सगळी एकाच झाडाची कलमं, माझ्या हातची. फळात फरक दाखवा, मिशी उतरवतो.
बाईंनी शांतपणे समजावलं. कलम ही पुढची पिढी नव्हे, तेच झाड. म्हणजे मी एकच झाड ऐंशी वेळा मोजलं. तिथल्या तिथे गडप व्हावंसं वाटलं. कोणी हसलं नाही, ते जास्त लागलं.

११ फेब्रुवारी
जागा वसुमती मॅडमना. अभिनंदन केलं. भाताला भविष्य आहे हे माझं पूर्वीपासूनचं मत.

१५ फेब्रुवारी
अध्यक्षबाईंचा फोन! निर्णय बदलला असणार. पहिल्याच रिंगला उचलला. त्यांना अण्णांचा नंबर हवा होता. बंगल्यामागे सहा कलमं लावायची आहेत, अगदी एकसारखी.
कलमं उद्या टेम्पोने जायची. लावताना सांगायला कोणी जाणकार येईल का, असं बाईंनी अण्णांना विचारलं. अण्णा म्हणाले, जावयाला पाठवतो, त्याला यातलं सगळं कळतं.