शिंगवाल्या कासवाचे पाय

३ जून, एफाते बेट
आमच्या मालेकुला बेटावरून बोटीने पोहोचले. नारळबागेतल्या उत्खननात हाडांवर क्रमांक घालायचं काम मला मिळालंय! वडिलांनी घरी लिहायला शिकवलं तेव्हाच सांगितलं होतं, दिसेल तेच लिही. तर, दिसली ती शिंगवाल्या राक्षसी कासवांची हाडं. तीन हजार वर्षांपूर्वीची, सगळी पायांचीच. कवटी मिळाली तर आमच्या उत्खननप्रमुखांचं, गॅरिकसाहेबांचं, जगभर नाव होईल.

बाग लेइताऊ बुबूची, म्हणजे आजीची. ती म्हणाली, पूर्वजांनी पाय खाल्ले, डोकी जमिनीला परत दिली. तुम्ही मालेकुलावाल्यांनी डोकंही सोडलं नसतं. मी खूप हसले.

७ जून
बागेच्या टोकाला बुबूने बंदीची खूण म्हणून नामेलेच्या झाडाचं पान रोवलेलं. तिथे हात लावायचा नाही, ज्याने रोवलं त्यानेच काढायचं, हे आमच्या शेंबड्या पोरालाही कळतं. साहेब म्हणाले, पाला आहे, उपट. मी उपटलं. वर मोजमाप घेऊन पिशवीत घातलं, क्रमांक १८६. स्वतःचीच चीड येते.

खाली कवटी निघाली. दोन्ही बाजूंना शिंगं.

८ जून
काल ट्रेमधली हाडं उत्तर-दक्षिण मांडली होती. आज सगळी कवटीच्या पेटीकडे वळलेली. गॅरिक म्हणाला, तूच हलवली असशील. मी नाही हलवली. माझ्याकडे कालची आकृती आहे.

९ जून
भर दुपारी मांडवाबाहेर ठसे. रुंद, नखांचे, दोनच पायांचे. मागे काहीतरी जड घसटत गेलेलं.

बुबू आली. गॅरिकला शिव्या घातल्या, मग माझ्याकडे वळली.
“तू उपटलंस ना पोरी? मग तूच रोव. डोकं आत ठेवून.”
गॅरिकने पेटीची किल्ली खिशात टाकली. शुक्रवारी विमानाने नेणार म्हणे.

१० जून
गॅरिकचा उजवा पाय गुडघ्याखाली थंड. दगड. तरी किल्ली देत नाही, नालायक.
ठसे आता तीन पायांचे.

११ जून
पेटी कुऱ्हाडीने फोडली. कवटी खड्ड्यात ठेवली. पिशवी १८६ रिकामी — पान गॅरिकने चहाच्या चुलीत घातलं. पाला म्हणून! मी क्रमांक दिला होता —

दुसरं पान तोडून रोवते. तेही चालेल. चालायलाच हवं —

डावा पाय उचलवत नाही. थंड. खड्ड्याच्या काठावर बसून लिहितेय. मागे घसटणं थांबलंय. आता नीट चालतंय काहीतरी. चार —

नामेलेचं झाड समोर. पन्नास पावलांवर. फक्त पन्नास पाव