करदोड्याची गाठ

आबा, परवा शाळेत मुलांची मापं घेतली आणि तुमची आठवण आली. चांगली नव्हे. आपल्याच जिल्ह्यातल्या वाशीच्या शाळेत मी खेळाचा शिक्षक. नोकरी लागली तेव्हा तुम्हीच बेंबळीत घरोघर पेढे वाटले होते. उंची, वजन, छाती मोजून झाली की मुलांना मी एक सोपी युक्ती शिकवतो. आपल्या उंचीइतका दोरा घ्यायचा, मधोमध दुमडायचा आणि कमरेला गुंडाळायचा. टोकं जुळली तर ठीक, नाहीतर पोट सुटलंय. मागं माझ्याच कमरेला दोरा पुरला नव्हता, तेव्हा मुलं फिदीफिदी हसली होती. यंदा पुरून वर चांगला उरला. मुलांनी टाळ्या वाजवल्या. सोबतच्या बाई म्हणाल्या, "सर, लई फिट झालात, काय करताय?" मी म्हणालो, चालतो. आबा, मी कुठंच चालत नाही. उलट चपात्या जास्तच खातो, पाण्याची बाटली दुसऱ्या तासालाच संपते, आणि तरी कंबर उतरत चाललीय.

पोळ्याची ती सकाळ आठवते. बैल धुऊन झालेत, त्यांना नवी दावी लागलीत आणि तुम्ही ओसरीवर नवे काळे करदोडे घेऊन बसलाय. आधी माझ्या कमरेला बांधता, एवढा नोकरदार झालो तरी. मग स्वतःचा जुना काढता, तर त्याला गाठीवर गाठी. आई पुरणाचे हात तसेच घेऊन बाहेर येते. "अवो, ह्येला इतक्या गाठी कशाच्या?"

"सैल व्हतोय, मारतो गाठ. म्या काय गादीवर बसून खातो व्हय? रानात राबतोय. काटक झालोय."

गावही तेच म्हणत होतं, पोरगं नोकरीला लागलं आन् आबा तरणे झाले. मी म्हणालो, एकदा दवाखान्यात दाखवू. तुम्ही डोळे वटारले. "चांगल्या माणसाला दवाखाना दाखवितो व्हय रं? शाळंत पोरांची छाती मोज, माझी कंबर मोजू नगंस." आई हसली, मीही हसलो. पाण्याचा तांब्या तुमच्या शेजारी असायचा, सारखा रिकामा व्हायचा, आणि ऊन लई आहे म्हणून आम्ही तो भरत राहिलो.

पुढं सोलापूरच्या दवाखान्यात तुम्ही बेशुद्ध पडून होता. साखर फार वाढलीय म्हणाले. डॉक्टरांनी विचारलं, वजन कधीपासून घटतंय? घरात काटा होता, पण त्यावर तुरीची पोती चढायची, माणसं नाही. "करदोडा तर नीट बसत व्हता की," आई म्हणाली. डॉक्टरांना त्यातलं काही कळलं नाही. मला कळलं. माणूस गेला की अंगावरचा करदोडा तोडायचा असतो. पोळ्याच्या त्या नव्यालाही तुम्ही गाठीवर गाठी मारल्या होत्या; भावकीतल्या माणसांना तोडता येईना, गाठी सुटेनात. विळा आणावा लागला.

इतकी वर्षं मला तुमचा राग यायचा. अडाणीपणानं गेलात, असं मी लोकांना सांगायचो. आता वाटतं, अडाणीपणा कसला, तुम्हाला कळलं होतं. गाठ मारताना बोटांना कळतंच की, आज दोरा किती हातात आला ते. तुम्ही घाबरला होता आबा, आणि घरात कुणाला ते दिसू दिलं नाही. एसटी स्टँडसमोर रक्त तपासून देतात, बोटाला सुई टोचली की झालं. त्यांच्या पाटीसमोरून मी रोज शाळेत जातो. पाटी आली की नेमका फोन बघायला लागतो. ही मात्र खुशीत आहे, माझ्या पँटी शिंप्याकडून कमरेत लहान करून आणल्यात, माहेरी फोन करून माझं कौतुक सांगते. तिला काय सांगू?

हे तुम्हाला पोचायचं नाही, म्हणून तर लिहितोय. आज आंघोळ झाली आणि करदोडा सरकून मांडीवर आला. बाहेरून ही म्हणाली, "झालं का न्हाय अजून? शाळंला उशीर व्हतोय."

"आलोच," म्हणालो. गाठ मारत होतो.